पाटीवरची वांगी

मॅडमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक पाटी टांगलेली आहे. सहा वर्षं त्या पाटीवर मॅडम माझ्यासाठी भाजीची चित्रं काढत होत्या. सकाळी मी स्वयंपाकाला जाते तेव्हा त्या फिरायला गेलेल्या असतात, म्हणून. वांगं काढलं की भरली वांगी, शेंग काढली की गवार. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "लिहिता-वाचता येतं ना?" आणि मी मान हलवून नाही म्हटलं होतं.

खरं तर मी चौथी पास आहे. हरसूलकडच्या आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पण त्या दिवशी समोर छतापर्यंत पुस्तकं होती. मॅडम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे माझी चौथी सांगावीशी वाटली नाही. काही वाचायला दिलं आणि मी अडखळले तर? नंतर सांगायचं राहूनच गेलं. एकदा पाटीवरचं चित्र बघून मी दुधी केला, ती काकडी होती. मॅडमनी मुकाट्याने दुधी खाल्ला आणि पुढच्या वेळेपासून काकडीला बारीक काटे काढायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. तरी बोलले नाही.

रविवारी त्यांच्याकडे चार-पाच मुलंमुली शिकायला येतात. एका रविवारी मी पोळ्या करत असताना मॅडम आत आल्या आणि माझा पोळपाटच उचलून घेऊन गेल्या. मी लाटणं हातात धरून दाराशी उभी.

"सुताराने हा करायच्या आधीच ठरवलं होतं, यावर पोळ्या लाटायच्या," त्या मुलांना सांगत होत्या. "माणसाचं तसं नाही. तो आधी जन्माला येतो. मग जे निवडतो, जे करतो, त्यातून तो कोण ते ठरत जातं. 'मी असाच आहे, काय करू' असं म्हणणारा स्वतःचा पोळपाट करून घेतो."

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी त्यांना पोळपाट द्या. तवा तापलाय."

सगळे हसले. मीही हसले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. मी बुजरी, मी अशीच, हे मी लग्नाआधीपासून सांगत आलेय. सही येत असून बँकेत अंगठा दिला, तोही त्यापायीच. कुणी जबरदस्ती केली नव्हती. 'नाही' मीच म्हटलं होतं, आणि रोज पाटीकडे बघून परत म्हणत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रविवारची मुलं आपापल्या गावी गेलेली. डॉक्टरांनी काही दिवस वाचू नका म्हणून सांगितलेलं. मॅडम पुस्तक मांडीवर घेऊन नुसत्या बसायच्या, पानावरून हात फिरवायच्या. मला बघवेना. पण सांगावं तर खोटारडी ठरणार. घराची किल्ली माझ्याकडे देणाऱ्या बाईला मी सहा वर्षं फसवलं होतं. काम दुसरं मिळालं असतं, हे घर मिळालं नसतं.

तिसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, मी वाचून दाखवू?"

"तू?"

"चौथी झालीय माझी. पहिल्या दिवशी खोटं बोलले."

काळ्या चष्म्यामुळे मॅडमना काय वाटतंय ते कळेना.

"म्हणजे सहा वर्षं मी उगाच वांगी काढत बसले?"

"हो."

"आणि ती काकडी?"

"तो दुधीच होता, मॅडम."

त्या इतक्या हसायला लागल्या की डोळ्याला त्रास होईल म्हणून मीच थांबवलं. मग म्हणाल्या, "खोटं बोललीस ते मला आवडलं नाही. आता बस. खाली नको, खुर्चीवर."

पहिलाच शब्द होता अस्तित्ववाद. जोडाक्षरांशी अडले. मॅडमनी शब्द सांगितला नाही, नुसत्या थांबल्या. तिसऱ्या खेपेला आला. अर्धं पान होईपर्यंत त्यांचा चहा गार झाला. निम्मं मला कळलंही नाही.

आता त्यांचा डोळा बरा आहे, तरी पोळ्या झाल्या की मी पान-दोन पानं वाचते. मुलं आली की अजून आत पळते, ते काही गेलं नाही. पाटीवर मॅडम आता शब्द लिहितात. परवा निघताना मी पहिल्यांदा स्वतः लिहिलं, 'वांगी पुरे. उद्या मेथी करते.' सकाळी गेले तर खाली 'चालेल' लिहिलेलं, आणि शेजारी हौसेनं एक जुडी काढलेली. ती कोथिंबिरीसारखी दिसत होती. मी मेथीच केली.