साडू, मेहुणी आणि एक अँबॅसिडर

उदगीरचे माझे साडू हे भारतातले एकमेव मिस्त्री असतील, ज्यांनी गाडीच्या मालकाला "काय झालंय?" असं जन्मात एकदाही विचारलेलं नाही. आधी ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि मालकाला गावाबाहेरपर्यंत गाडी हाकायला लावतात. परत आल्यावर इंजिन गार होऊ देतात, रेडिएटरचं झाकण काढतात, बोट बुडवतात आणि चक्क जिभेवर ठेवतात! "निलंग्याच्या बोअरचं हाय. लई जड. नळ्या चोंदल्या तुमच्या." मालक थक्क. साडू चूळ भरतात आणि एखाद्या हकिमासारखे गंभीर होतात. त्यांचा आणखी एक नियम म्हणजे गिऱ्हाइकाच्या गाडीत बायकोला बसवायचं नाही. स्वतःची गाडी तर कधी नव्हतीच. त्यामुळे चाळीस वर्षं मिस्त्रीशी संसार करून आमच्या अक्का फिरल्या त्या एसटीनं.

दुष्काळाच्या एका वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली आणि त्या आशेवर साडूंच्या टपरीसमोर काचेचं गॅरेज उघडलं. तिथली गणवेशातली मुलं गाडीला कॉम्प्युटर जोडून दुखणं वाचत. मी खोडसाळपणे वडिलांच्या वेळची माझी अँबॅसिडर आधी तिकडे नेली. इंजिनिअरनं तीन प्रदक्षिणा घालून विचारलं, "सर, हिला वायर कुठं जोडायची?" समोरून साडू ओरडले, "ती बोलती की! जरा गप बसून ऐका!"

पण जुन्या गाड्या एकेक करून गेल्या, नव्यांत साडूंना हात घालायला जागा नव्हती. पुन्हा दुष्काळ पडला त्या साली शेवटची माझीच उरली होती, आणि तीही मी विकायला काढली होती. हदगावच्या एकानं दोन दिवस गावी नेऊन चालवून पाहिली. "तापते, तेवढं बघून द्या," म्हणाला. हे साडूंना सांगायचा धीर होईना. म्हणून मी आमच्या नांदेडहून गाडी घेऊन मुकाट आलो.

बोट जिभेवर ठेवून साडू थबकले. "साडूभाऊ, हे गोदावरीचं न्हाई. गाडी कुठं मुक्कामाला होती?"

मी सगळं कबूल केलं. त्यांनी दोन तास नळ्या साफ केल्या आणि टपरीमागच्या घरातून माठच आणून रेडिएटरमध्ये रिकामा केला.

"आठ-आठ दिवसांनी टँकर यायलाय, आन प्यायचं पानी त्या डबड्याला पाजता?" अक्का कडाडल्या.

"लांब जायचंय तिला." मग हात पुसत त्यांनी पुढचं दार उघडलं. "चल, बस."

"मी? दुसऱ्याच्या गाडीत?"

"आज ही ना ह्यांची, ना त्या हदगाववाल्याची. बस."

पिठाचे हात पदराला पुसत अक्का बसल्या. गाडी इतकी हळू निघाली की सायकलवाले पुढे जात होते. स्टँडला वळसा घालून यायला पाच मिनिटं लागतात. त्यांना पाऊण तास लागला.