पाडव्याला आणलेला किल्ला

दिवाळी पाडव्याची सकाळ, रक्कम अठराशे रुपये, हजर तिघे — मी, माझी बायको सुनंदा आणि चित्र घेऊन आलेला टेम्पोवाला शब्बीर. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुपवाडच्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. जे टॅली होत नाही ते मानत नाही. तरीही लिहितोय...

मिरज रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकायला निघालं होतं. त्यातलं हे चित्र सुनंदाला आवडलं. समुद्रातून उठलेले काळे कडे, वर परदेशातला जुना दगडी किल्ला. "औंदा साडी नको, ह्येच ओवाळणीत घाला," म्हणाली. घातलं.

चित्र हॉलमध्ये लागलं आणि ती बदलली. गुणगुणायला लागली, दुपारचा चहा चित्रासमोर बसून घ्यायला लागली. माझ्याशी बोलणं मात्र किराणा आणि गॅस सिलिंडरपुरतं.

एका रविवारी मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. हॉलमधून हाक आली, "आवं, च्या निवतोय की!" हा लाडिक सूर मी लग्नानंतर पहिलं वर्षभरच ऐकला होता. लगबगीनं गेलो. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला बघून दचकली.

"तुमी कशाला आला?"

"हाक मारलीस ना?"

"तुमाला न्हाई," ती बोलून गेली आणि लगेच उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या सुरात 'आवं' बायको एकाच माणसाला म्हणते. मी बॅटरी लावून चित्र कोपरान् कोपरा पाहिलं. कडे, लाटा, खिडक्या. माणूस एकही नाही. असता तर निदान भांडता आलं असतं... रिकाम्या किल्ल्यावर मी महिनाभर जळत होतो.

शेवटी म्हटलं, "म्हसवडला तुझ्या भावाच्या नव्या घरात हे शोभेल." वाटलं, रडेल. ती एवढंच म्हणाली, "धाडा. पर नीट बसवून धाडा."

शब्बीरलाच बोलावलं, भाडं आधीच दिलं. चादरीत गुंडाळलेलं चित्र मागे दोरीनं बांधलं. केबिनमध्ये शब्बीर एकटा — मी स्वतः पाहिलं.

संध्याकाळी तो परत दारात.

"साहेब, सीटचं पैसं ऱ्हायलं."

"कसली सीट?"

"पाव्हणं हुतं की शेजारी! कोपऱ्यावर हात केला, तुमच्याकडचंच म्हनलं. म्हसवडात देवळापाशी उतरलं. पैसं साहेब देतील म्हनलं."

"दिसायला कसा होता?"

शब्बीर घुटमळला. "राग मानू नगा... तुमच्यापरीस बरं. लय अदबीचं. सारखं वहिनींचं इचारत हुतं."

शब्बीर पीत नाही, पैशाला खोटा नाही. या प्रकाराचा खुलासा मला आजही सापडलेला नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली.

"वाटंत काय खाल्लं का रं त्येंनी?"

"वडापाव, वहिनी. दोन."

सीटचे दीडशे आणि वडापावचे चाळीस, असे एकशे नव्वद रुपये मी शब्बीरच्या हातावर ठेवले.