मोलीचं झाड आणि आमचा शिंदे

कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो. मग त्याची देखभाल करणाऱ्यांनी गप्पा मारायच्या नाहीत तर काय करायचं? किस्से साचणारच! दुबईतल्या एका छोट्या, एसी प्राणिबागेत मी चार वर्षं गाईड होते. ती बंद होऊनही आता दोन वर्षं झाली. पण इंटरनॅशनल सिटीतल्या माझ्या घरी जुनी मंडळी जमली की विषय तोच आणि हिरोही तोच, आमचा सुतार शिंदे. कोआलांसाठी झाडांचे बुंधे उभे करणं हे त्याचं काम. फार आठवण येते हो त्या दिवसांची!

*

शिंदे मूळचा साताऱ्याकडचा फर्निचरवाला. पहिल्याच आठवड्यात त्याने नव्या बुंध्यांची साल काढली, पॉलिश पेपर मारला आणि आरशासारखे गुळगुळीत करून उभे केले. आमची कोआला मादी मोली उडी मारून बुंध्याला चिकटली आणि सर्रकन खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा खाली! मॅनेजर लालबुंद.

मी म्हटलं, "अरे शिंदे, तिची नखं सालीत रुततात. तळवे खरखरीत, पुढच्या पंजाला दोन-दोन अंगठे. सगळं पकडीसाठीच! तिला गुळगुळीत लाकूड काय कामाचं?"

"आधी सांगायचं ना ताई! लाकूड खरखरीत लागलं असतं तर माझ्या उस्तादाने मला उभं केलं नसतं दारात!"

मग दोन दिवस खपून त्याने पटाशीने सगळं परत खडबडीत केलं. तोंडाने सारखं पुटपुटत होता.

*

हजेरीचं मशीन शिंदेचं बोट कधीच घ्यायचं नाही. लाकूडकामाने ठसेच झिजलेले. एकदा मी शाळेच्या ग्रुपला सांगत होते की कोआलाच्या बोटांवर अगदी माणसासारखे ठसे असतात. मागून शिंदे म्हणतो, "ताई, मग मोलीचाच अंगठा लावा की माझ्या नावावर! झोपा काढूनही फुल डे भरेल!"

*

शारजाहून एक मराठी कुटुंब आलं होतं. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "व्हाय डझन्ट शी फॉल व्हेन शी स्लीप्स?"

"मराठीत विचार!" आईने दटावलं. 

मी सांगितलं, "तिचं बूड बघ, जाड कातडी आणि दाट केस. फांदीच्या बेचक्यात घट्ट बसते आणि झोपते."

"व्हॉट्स बेचकं?"

आता आली का पंचाईत! शिंदेने हत्यारं खाली ठेवली, मांडी घालून बसला आणि दोन्ही हात फांद्यांसारखे पुढे पसरले. "ये, बस." पोरगं बिनधास्त जाऊन बसलं.

"ओह! लाइक माय कार सीट!"

आम्ही पोट धरून हसलो. शिंदेने मात्र पोराला अलगद खाली उतरवलं. "परक्याचं पोर लगेच आलं ताई," एवढंच म्हणाला. मागच्या सुट्टीत तो गावी गेला, तर त्याची चार वर्षांची सोनू महिनाभर त्याच्याकडे आलीच नव्हती. उचललं की किंचाळायची.

*

त्या हिवाळ्यात त्याने बायकोला आणि सोनूला व्हिजिट व्हिसावर पंधरा दिवस आणलं. तो राहायचा कामगारांच्या कॅम्पमध्ये, म्हणून त्या उतरल्या माझ्याकडेच. शिंदे रोज काम संपवून यायचा, कधी बाहुली, कधी चॉकलेट. सोनू सोफ्यामागे! "उद्या येईल, इन्शाल्ला," म्हणायचा आणि चहा न घेताच निघायचा. मला तर रडूच यायचं.

*

चौदाव्या दिवशी मी दोघींना बागेत नेलं. मोलीचं पिल्लू नुकतंच पिशवीतून बाहेर पडून तिच्या पाठीवर बसायला लागलं होतं. मोली बुंध्यावर चढत होती आणि पिल्लू तिच्या केसांत मुठी रोवून पाठीला चिकटलेलं. सोनू तासभर काचेला नाक लावून उभी.

बंद व्हायच्या वेळी शिंदे दाराशी उकिडवा बसून हत्यारं भरत होता, आमच्याकडे पाठ करून. सोनू गेली, मागून त्याच्या गळ्यात हात घातले आणि पाठीवर चढली. शिंदे हललाच नाही. पेचकस हातात तसाच. थोड्या वेळाने पाहिलं तर पोर झोपलेली.

बाहेर कॅम्पची बस हॉर्न वाजवत होती. ड्रायव्हर ओरडला, "यल्ला, चलो, शिंदेभाई! आखरी बस है!"

बायको कुजबुजली, "अहो, द्या तिला इकडे. बस जाईल ना!"

"जाऊ दे," शिंदे हळूच म्हणाला. "मी चालत जाईन."

कॅम्प जबल अलीला होता. बागेपासून चाळीस किलोमीटर!