मिठबावच्या जीपचे मागचे ब्रेक

पंच्याऐंशी साली आमचं लष्करी वर्कशॉप पहाडात होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. साडेपाचला पीटी, आठला फॉल-इन, शनिवारी मेंटेनन्स परेड. गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीचे ब्रेक मी स्वतः बघायचो. लान्स नाईक शांताराम आमचा ड्रायव्हर, देवगडजवळच्या मिठबावचा. मी मालवणचा. बाकी कंपनीत सगळे पंजाबी आणि गढवाली. त्यामुळे आम्ही दोघं मालवणीत मनसोक्त शिव्या घालायचो. बरं वाटायचं.

त्याच पावसाळ्यात एका कॉन्व्हॉयमध्ये शांताराम गेला. घरी तार गेली, गाडी दरीत कोसळली. एवढंच.

फेब्रुवारीत रजा मिळाली तेव्हा मी मिठबावला गेलो. शांतारामचे वडील, तात्या, जन्मभर होडीवर राबलेले. त्याची बायको सुनंदा. अंगणात त्याने लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी डिस्पोजल जीप. सुनंदाने लायसन काढलं होतं आणि आंब्याच्या पेट्या देवगडला पोचवायचं काम धरलं होतं. हंगाम पंधरा दिवसांवर होता. पण आठवड्यापूर्वी उतारावर ब्रेक लागला नाही आणि जीप दगडी गडग्यावर आपटली. तात्यांनी किल्ली कनवटीला खोचली आणि जीपला गिऱ्हाईक शोधायला लागले. मी त्यांच्याकडे दुरुस्तीला दोन दिवस मागितले. एक दिवस कणकवलीहून नवे ब्रेक शू आणण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काम सुरू केलं. पुढच्या चाकांना चिरे लावले, मागून जॅक दिला, खाली ओंडके ठेवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्याला मी वर्कशॉपमधून हाकलून देत असे. आमचा नियम होता, एका वेळी एकच बाजू उघडायची. स्प्रिंग कुठे अडकवायची ते विसरलं तर दुसरी बाजू बघता येते.

ड्रम निघाला. शूवरचे लायनर तेलाने चिंब, मग ब्रेक धरणार कसा? तेल कुठून गळतंय म्हणून मी आधी ॲक्सल सील बघितलं, मग व्हील सिलिंडर. दोन्ही कोरडे. मग बोट नाकाशी नेलं. माशाचं तेल!

तात्या पडवीत बसले होते, त्यांना विचारलं. खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाऊ नये म्हणून त्यांनी होडीला चोपडतात ते तेल ड्रमच्या फटीतून आत सोडलं होतं. मुलाची गाडी जपली होती त्यांनी. मी चिडून बोलणार होतो, पण राग गिळून ड्रम पुसायला लागलो.

नवे शू बसवून मी ती बाजू पुरी केली, तेव्हा ते उठून जवळ आले.

"खरां सांग. शांतारामाच्या गाडयेचो ब्रेक लागलो नाय काय?"

आठ महिने या घरात हाच प्रश्न होता आणि उत्तर माझ्याकडे होतं. मी एक पत्रही लिहिलं नव्हतं. मला लाज वाटली.

"लागलो, तात्यानू. ते शू मी स्वतः बसवलेले. फुडे दरड येताना बघून त्येना गाडी जाग्यार थांबवली, बाजूक बसलेल्याक मागे धाडलो, बाकीचे गाडये अडवूक. मगे त्येच्या गाडयेखालचो रस्तोच खचलो. मागचे अकरा गाडये वाचले. मी शेवटच्या गाडयेत होतंय."

तात्या दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच जमिनीवर बसले. सुनंदा माझ्यामागे उभी होती. तिने माझ्या हातातला पाना घेतला.

"दुसरी बाजू मी करतंय. तुमी बघा."

मी बघत बसलो. तिने ड्रम पेट्रोलने पुसला, नवे शू लावले. रिटर्न स्प्रिंग सटकून अंगठ्यावर बसली तेव्हा तिने दिलेली शिवी शांतारामलाही आवडली असती. चाक फिरवून ॲडजस्टर आवळला, चाक घासायला लागलं तसा थोडा सैल केला. पन्नास मिनिटं लागली. आमचे रिक्रूट यापेक्षा जास्त वेळ घेत.

मी तात्यांकडून किल्ली मागून घेतली. आधी तिने सपाटीवर सावकाश चालवून ब्रेक तपासला. चार वाजता तिने जीप त्याच उतारावर आणली. मी खाली उभा राहून हात वर केला. जीप थांबली, जराही वाकडी झाली नाही. पुन्हा केलं. पुन्हा थांबली.

तिसऱ्या वेळी तात्या काठी टेकत आले आणि तिच्या शेजारच्या सीटवर चढून बसले.

"शांताराम असतो तर हय बसलो असतो," ते म्हणाले. "तो नाय, म्हणान मी बसतंय. चल गो."