माझ्या तोंडावरचं हसू

हळदीच्या मांडवात आप्पांनी माझ्या मुलीच्या हातात माईक दिला.

"गप बसा रे सगळे. आता सुमनबाय गाणं बोलतील."

सुमन नऊ वर्षांची. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. जीभ जड. तिने माईक तोंडाला लावून लांबलचक "आऽऽ" केलं. भोंग्यातून तो आवाज पार किन्हवलीच्या रस्त्यापर्यंत गेला. मांडव हसला. सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी पंगतीला पाणी वाढत होतो. मी हसलो. मग तीही हसली, टाळ्या वाजवल्या.

मी आप्पांची जमीन वाट्याने कसत होतो. हसलो नसतो तर पुढच्या वर्षी नांगर कुठे धरला असता?

बायको मांडवामागे भांडी घासत होती. घरी येताना म्हणाली, "तुमी कशाला हसलात?"

"पोर खूश होती ना गो."

ती सुमनचा हात धरून पुढे चालू लागली.

मग ती रीतच पडली. हळद असो, सत्कार असो, आप्पा सुमनला बोलावणार. "कुठंय रे आपली गायिका?" मुलगी मोठी झाली, आवाज मोठा झाला, हसणारे वाढले. त्यांच्यात मी होतोच.

काही वर्षांनी शहापूरहून एक बाई अशा मुलांना शिकवायला वाडीवर येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी चावीची पत्र्याची बेडकी जमिनीवर सोडली. बेडकी उडाली. सुमन दचकली, तिने माझ्याकडे पाहिलं. मीही दचकलो होतो. ती माझ्यामागे लपली.

"काका, आता तुम्ही हसा," बाई म्हणाल्या.

मी हसलो. सुमन पुढे झाली, बेडकीला बोट लावलं.

"बघितलंत? नवीन काही दिसलं की ती आधी तुमच्या तोंडाकडे बघते. कशाला भ्यायचं, कशाला हसायचं, ते तिथून घेते. सगळीच मुलं असं शिकतात. हिला वेळ जास्त लागतो, आणि हिचा भरवसा तुमच्यावर आहे."

बाई पुन्हा चावी देत होत्या. मला मांडव दिसत होता. आप्पा तिची थट्टा करत होते, आणि थट्टा म्हणजे माया, हे तिला मी शिकवलं होतं. माझ्या तोंडाने. दर मांडवात.

आप्पांच्या धाकट्या मुलाची हळद आली. सुमन तेव्हा सोळाची. माईक आला, "आऽऽ" झालं, मांडव हसला. सुमनने माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो नाही.

ती बघत राहिली. निम्मं उमटलेलं हसू तिच्या ओठांवरून उतरलं. तिने मांडवाकडे पाहिलं, एकेका तोंडाकडे, आणि रडू लागली. अपमान झाला म्हणून माझी मुलगी पहिल्यांदा रडली. तेही माझ्याकडूनच शिकली. त्याची बोच अजून जात नाही.

मी तिच्या हातातला माईक घेतला आणि आप्पांच्या तोंडापुढे धरला.

"आप्पा, आता तुमी बोला गाणं."

आप्पा हसले. बाकी कुणीच हसलं नाही. ते इकडेतिकडे बघू लागले, सोबतीला हसणारं एखादं तोंड शोधत. मी माईक खाली घेतला नाही. त्यांना घाम फुटेपर्यंत धरून ठेवला. ते मला फार गोड लागलं. आजही लागतं.

जमीन गेली. मी आसनगावला रखवालीला लागलो. सुमन एक शब्द स्वच्छ बोलायला शिकली. "नको." कुणी गाल ओढला, नक्कल केली, की नको. आता ते बोलण्याआधी ती माझ्या तोंडाकडे बघत नाही.

आप्पा वारले. शोकसभेत त्यांचा थोरला म्हणाला, "बाबांचं मन मोठं. वाडीतल्या वेड्या पोरीलाही ते माईक द्यायचे." लोकांनी माना डोलावल्या. मी उठलो नाही.

आता आप्पांच्या नावाने गावात सभागृह बांधलंय. उद्घाटनाला सुमनला पुढच्या रांगेत बसवा, असा निरोप आलाय. आम्ही जाणार. तिच्या हातात कुणी माईक दिला तर ती नको म्हणेल. तो मी घेईन. आप्पांची दोन्ही मुलं समोर बसलेली असतील. त्या मांडवात काय चाललं होतं, कोण हसत होतं, सगळं नावानिशी सांगेन, पहिलं नाव माझं. दुसरं त्यांच्या बापाचं. ती दोघं इकडेतिकडे बघू लागली तरी मी थांबणार नाही.