ताईच्या पेटुनियाची अर्धी पुडी

घड्याळवाल्यांनी दुकान बंद केलं तेव्हा ज्याला त्याला एकच कारण सांगितलं. "लोक आता मोबाइलमध्ये वेळ बघतात. मी काय माश्या मारत बसू?" कारण पटण्यासारखं होतं, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. खरं कारण होतं त्यांचा उजवा हात. केसाएवढे स्क्रू चाळीस वर्षं चिमट्याने बसवणारा तो हात आताशा थरथरायचा. घरातही त्यांनी याचा थांगपत्ता लागू दिला नव्हता. हात सदा खिशात. चहा अर्धाच कप, तोही बशीशिवाय. "पित्त होतं," म्हणायचे.

त्यांची बायको शाळेतून निवृत्त झालेली. नवऱ्यासकट सगळी इमारत तिला बाईच म्हणायची. गॅलरीतल्या बारा कुंड्या आणि फाटकाजवळचा वाफा ही बाईंची जहागीर. तिथे दर वर्षी एकच पेटुनिया फुलायची: पांढरी, गळ्याशी जांभळी, संध्याकाळी मंद वासाची. बी थोरल्या बहिणीने दिलेलं. ताई गेली, तिचं घर विकलं गेलं, फूल तेवढं उरलं. बाजारात ते मिळत नव्हतं. त्यात गेल्या वर्षी बोंडं सडली, म्हणून बी जेमतेम एक पुडी निघालं.

आणि ऐन पेरणीच्या आठवड्यात बाई जिन्यावरून घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने त्यांना धड केस विंचरता येईनात, तिथे धुळीसारखं बारीक बी काय पेरणार?

"अहो, तुम्हीच पेरा," त्या म्हणाल्या. "नुसतं ट्रेमधल्या मातीवर भुरभुरवायचं."

घड्याळवाल्यांनी त्या झोपल्या असताना दुपारी काम उरकलं. पण उघडं बी त्यांना बघवेना. झाकण न लावता घड्याळ परत करण्यासारखंच ते. त्यांनी वरून बोटभर माती घातली आणि नीट थापली.

पंधरा दिवस झाले तरी ट्रे ढिम्म. बाईंनी काडीने माती उकरली.

"वर माती घातलीत?"

"बी मातीतच घालतात ना?"

"याला उजेड लागतो!" बाई खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. "ताईचं एवढंच होतं हो माझ्याकडे."

घड्याळवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जरा वेळाने बाईंनी पदराने नाक पुसलं आणि कपाटातून डबी काढायला सांगितली. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही, हे वर्गात तीस वर्षं पाहिलेल्या बाईंनी अर्धी पुडी मागे ठेवली होती. "आता मी समोर बसणार," त्या म्हणाल्या.

"तू आत पड ना जरा."

"नाही."

सुटका नव्हती. नवी माती चाळून झाली, ओली झाली. घड्याळवाल्यांनी दुमडलेल्या पोस्टकार्डात बी घेतलं आणि हात ट्रेवर धरला. हात थरथरू लागला. त्यांचे कान तापले. डाव्या हाताने मनगट दाबायला गेले, तर बाई म्हणाल्या, "दाबू नका. खाली बघा."

कार्डाच्या घडीतून बी एकेक करून घरंगळत होतं. ट्रेभर, सारख्या अंतरावर.

"मी टिचक्या मारून मारून पाडते, तरी एका जागी ढीग होतो," बाई म्हणाल्या. "हात असाच पुढे न्या."

ट्रे पूर्ण झाला. घड्याळवाल्यांनी वर न बघता विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"तुम्ही अर्धा कप चहा घ्यायला लागलात तेव्हापासून. तुम्ही कधी सांगताय, वाट बघत होते."

बाईंनी डाव्या हाताने ओल टिकवायला ट्रेवर काच सरकवली, ती तिरकी बसली.

नवव्या दिवशी सकाळी घड्याळवाल्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा डोळ्याला भिंग लावलं आणि ट्रेवर वाकले. मातीवर हिरवे ठिपके होते. त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, शंभराच्या पुढे घोटाळा झाला. "बाई! आलं, आलं!" असे ओरडले की वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली डोकावले.

तीन महिन्यांनी फाटकाजवळ पहिलं फूल उमललं, पांढरं, गळ्याशी जांभळं. बाई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग वर आल्या आणि बऱ्या झालेल्या हाताने नवऱ्यासमोर चहा ठेवला. कप काठोकाठ भरलेला होता, खाली बशी होती. घड्याळवाल्यांनी खिशातून हात काढला. बशी खडखड वाजली, थोडा चहा सांडला. कप संपवून त्यांनी बशीतलाही पिऊन टाकला.