मी बुरुजावर का ओरडायचे

माझ्या तोंडाची ख्याती साऱ्या बंदरभर आहे आणि ती खोटी नाही. पण बुरुजावर मी जे ओरडायचे ते रागाने नव्हे, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पाहुणे सहलीच्या ऑफिसात तक्रार करायचे, "बाई तारे छान दाखवतात, पण सोबतच्या त्या कर्कश बाईला जरा आवरा." तिथल्या मुलींनी माझं नाव भोंगा ठेवलं होतं. म्हणू देत. भोंगा तर भोंगा.

तारे दाखवणाऱ्या बाई म्हणजे माझ्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. लोक त्यांना दुर्बीणबाई म्हणायचे. आमच्या शहराचं पोट दोन गोष्टींवर चालतं, परिषदा आणि अंधार. दिवसा पाहुणे समुद्राकाठच्या सभागृहात भाषणं ऐकतात आणि दिवस मावळला की त्यांना जुन्या किल्ल्यावर नेऊन तारे दाखवायचे. तेवढा वेळ किनाऱ्यावरचे सगळे दिवे बंद. वन्सं आधी त्या सभागृहात खुर्च्या लावायच्या. एकदा ताऱ्यांवरची परिषद भरली, तेव्हा मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी झाडून सगळी भाषणं ऐकली आणि घरी येऊन ताट तसंच टाकून गच्चीवर गेल्या. तेव्हापासून बाईंचा पाय जमिनीला लागलाच नाही म्हणा ना. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं आणि मी घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी मला ऐकवलं, "स्वयंपाकघर तुझं, आकाश माझं. एकमेकींच्या कामात लुडबुड करायची नाही."

मग एका संध्याकाळी त्या घरच्याच जिन्यात पडल्या. वीज गेली होती, एवढंच निमित्त. मी मेणबत्ती घेऊन धावले, तर माझ्याकडे बघत विचारतात, "कोण आहे?" मेणबत्तीचा उजेड माझ्या तोंडावर आणि ह्या विचारतायत कोण आहे! दिवसा त्या पेपर वाचायच्या, सुईत दोरा ओवायच्या. अंधार पडला की कारभार आटोपला.

"माझ्या भावाला एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," त्या म्हणाल्या. डॉक्टरचं नाव काढलं की खोलीचं दार लावून घ्यायच्या. काम सोडा म्हटलं तर दोन-दोन दिवस अबोला. शेवटी मीच हरले आणि मदतनीस म्हणून त्यांच्याबरोबर जायला लागले.

किल्ल्यावर पांढरा उजेड चालत नाही, तारे बघायला डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. म्हणून टॉर्चला लाल कागद लावून मी पुढे, माझ्या पाठोपाठ वन्सं आणि मग पाहुणे. जिथे पायरी मोडकी असेल तिथे मी मान वळवून खेकसायचे, "अहो टोपीवाले, पायरी तुटलीय, बघून चाला की!" टोपीवाला बिचारा पार मागे असायचा. त्याच्यासाठी ते नसायचंच. ढग आला की मी कुणावर तरी डाफरायचे, "तिकडे ढगात काय शोधताय? दक्षिणेकडे बघा!" लगेच वन्संचा हात दक्षिणेला वळायचा आणि त्यांचा हिरवा लेझर नेमका ताऱ्यावर जाऊन टेकायचा. बुरुजाच्या मधोमध एक चौकोनी दगड आहे. त्यावर उभ्या राहिल्या की आकाश त्यांच्या हाताला पाठ होतं. माझ्या जिवाला घोर होता तो एकाच जागेचा. समुद्राच्या अंगाला पूर्वी तोफ होती, तिथे भिंतच नाही. खाली नुसते खडक.

आणि एका आठवड्यात परिषद भरली ती नेमकी डोळ्यांच्या डॉक्टरांची. आली का पंचाईत! त्यात ऑफिसच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आज मोठी माणसं आहेत. मी स्वतः बरोबर येतोय. तुमच्या तोंडून एक शब्द निघाला, तर उद्यापासून दोघींनीही यायचं नाही."

मी ते वन्संना सांगितलं आणि म्हटलं, "आज ताप आलाय म्हणून सांगा."

"मला कधी ताप आलाय?"

"मग आज येऊ दे की मेला एकदाचा!"

"तू खोक. पायरीला एकदा, ढगाला दोनदा."

"आणि तोफेच्या जागेला?"

"तिकडे मी जातेच कशाला?" म्हणाल्या आणि स्वेटर चढवून चालू लागल्यासुद्धा.

चढताना मी इतकी खोकले की मागून एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि माझ्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. मी आभार मानले, पुढच्या पायरीला पुन्हा खोकले. त्या माझ्या शेजारूनच चालू लागल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, त्या वाटेकडे बघतच नव्हत्या. माझ्यासारख्याच त्याही मागे वळून वन्संच्या पायांकडे बघत होत्या. वन्सं आधी बोटांनी दगड चाचपायच्या आणि मग टाच टेकवायच्या. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं.

वर पोचलो. वन्सं दगडावर उभ्या राहिल्या आणि असा आवाज लावला की डॉक्टरमंडळी चिडीचूप. रोहिणी दाखवली, व्याध दाखवला. साहेब माझ्याकडे बघून खुशीत मान हलवत होते. तेवढ्यात समुद्राकडून वारा सुटला आणि ढगाचा एक मोठा पट्टा वर चढला. मी दोनदा खोकले. आणि मेलं नशीब बघा, तिकडून कुणी डॉक्टरही खोकला, त्याच्यामागून आणखी एक. कोणता खोकला कुणाचा, वन्संना कळेना.

"आता ह्या कृत्तिका," त्यांनी लेझर उंचावला. "मोजा बरं, कितीजणी दिसतात?"

हिरवी रेघ सरळ ढगात जाऊन विझली. एक तरुण डॉक्टर हसला, "बाई, तिथे तर ढग आहे."

"सरकेल हो, वारा आहे ना," वन्सं म्हणाल्या. "तोवर मृग बघू. जरा असे इकडे या." आणि घाईघाईने दगडावरून खाली उतरल्या. दगड सुटला तशी दिशाही सुटली. इकडे म्हणत त्या चालल्या ते थेट तोफेच्या जागेकडे. मी तोंड उघडलं, तर साहेबांनी ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. त्यांना वाटलं, भोंगा सुरू झाला.

शपथ गेली चुलीत. "वन्सं, थांबा! पाय उचलू नका!"

आजवर हजारदा ओरडले असेन, पण त्यांना हाक मारून कधीच नाही. त्या जागच्या जागी खिळल्या. त्यांच्या चपलेखालचा एक खडा सुटला आणि बऱ्याच वेळाने खाली कुठेतरी वाजला. मी धावत जाऊन त्यांना कमरेला मिठी मारून मागे ओढलं, दोघीही धपकन खाली बसलो. मला रडू फुटलं. "मेलेलं तोंड बघायला लावत होतात ना मला? हेच दाखवायचं होतं ना?" मी त्यांना गदागदा हलवत होते. त्यांनी माझी बाही तेवढी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

डॉक्टरीणबाई समोर येऊन बसल्या. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," मी नाक पुसत म्हटलं.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "ही लग्न होऊन आली, तेव्हाच कडेकडेचे तारे गेले होते. मग एकेक करून बाकीचे विझले. शेवटी व्याध तेवढा राहिला होता."

म्हणजे "आकाश माझं" म्हणून मला बजावत होत्या तेव्हाच ते हातातून चाललं होतं. आणि एका घरात राहून मला पत्ता नाही!

"गेलेलं परत येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसाचं उरलंय ते जपता येईल. उद्या सकाळी मला दाखवायला या."

साहेब पुढे झाले. "बाई, आता तुम्हाला इथे वर..."

"कळलं साहेब." वन्संनी लेझर त्यांच्या हातात दिला.

उतरताना त्यांनी माझा हात धरला. उभ्या जन्मात कुणाचा धरला नव्हता. मी मोठ्याने सांगत होते, "वन्सं, पायरी. वन्सं, इथे तुटलीय." मध्ये टोपीवाला नको की खोकला नको. मागून सगळे डॉक्टर मुकाट येत होते.

खाली आल्यावर पाहुणे बसमध्ये चढले. किनाऱ्यावरचे दिवे अजून लागायचे होते. वन्सं शेवटच्या पायरीवरच बसल्या.

"आज आकाश कसं होतं गं?" त्यांनी विचारलं.

मी आठवायला गेले आणि काहीच आठवेना. आजचं नाही, कालचंही नाही.

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी रोज तुमचे पाय बघत होते."

सरकून त्यांनी पायरीवर मला जागा करून दिली.

"मग आता बघ," त्या म्हणाल्या. "काय दिसतं ते सांग. नावं मी सांगते."